निरोगी प्रत

"हात हलतोय तुझा," मॅडम मागून म्हणाल्या.

"नाही हलत."

"मी बघतेय ना."

मी मायक्रोस्कोपवरून डोळे काढले नाहीत. खाली अंड्यांची रांग लावलेली होती, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी, आणि केसाहून बारीक काचेची सुई मी एकेका अंड्यात टोचत होते. झेब्रामासे सकाळी दिवे लागले की अंडी घालतात. आदल्या संध्याकाळी नर आणि मादी यांच्यामध्ये पडदा घालून ठेवायचा, आणि सकाळी तो उचलायचा. अंडं एका पेशीचं असतं तोवर सुई टोचली तर उपयोग. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार व्हायला लागल्या की गाडी सुटली. त्यामुळे सकाळी माशांच्या खोलीत कुणी कुणाशी बोलत नसे. टिपणीस मॅडम तर त्या वेळी तिथे फिरकायच्याही नाहीत. गेले काही आठवडे मात्र रोज यायच्या आणि माझ्या मानेला श्वास लागेल इतक्या जवळ उभ्या राहायच्या.

"मॅडम, तुम्ही बाहेर थांबता का जरा? झालं की बोलावते."

मी बार्शीची. आमच्याकडे गोड बोलायची पद्धत कमी, आणि माझ्यात तर ती अजिबातच नव्हती. पलीकडे टाकीतलं पाणी बदलणाऱ्या अन्वरनं माझ्याकडे पाहून डोळे मोठे केले. मॅडम बाहेर गेल्या नाहीत.

पुण्याच्या कडेला एका संशोधन संस्थेत आमची ती लॅब होती. मॅडम, मी आणि मिरजेचा अन्वर मुजावर, एवढीच माणसं. अन्वर मला दोन वर्षं सीनियर, पण वागायचा भावासारखा, म्हणजे सतत डोकं खायचा. मी पीएचडीला लागून फार दिवस झाले नव्हते, आणि माझ्या वाट्याला जे काम आलं होतं त्यावर सोलापूरकडच्या एका नऊ वर्षांच्या मुलीचा जीव टांगलेला होता.

तिचं नाव गौरी थिटे. तिची मोठी बहीण दहावीच्या परीक्षेच्या दिवशी गेली. पहाटे घड्याळाचा गजर झाला, मुलगी दचकून उठून बसली आणि तशीच आडवी पडली. आईला वाटलं परत झोपली. त्याआधी त्यांच्या मामाचंही असंच झालं होतं, शेतावर झोपलेला असताना जवळ ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला म्हणून. आणि गौरी शाळेत घंटा झाली तेव्हा एकदा कोसळून पुन्हा उठली होती. सोलापूरच्या डॉक्टर देवस्थळींनी तिचं रक्त आमच्याकडे पाठवलं. हृदयाच्या ठोक्याची लय सांभाळणारी एक जीन असते, चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली, त्या जीनमध्ये गौरीचं एक अक्षर वेगळं निघालं. आता वेगळी अक्षरं तुमच्या-माझ्यातही ढिगानं असतात, सगळीच काही जिवावर उठत नाहीत. हेच अक्षर गुन्हेगार आहे का, एवढं आम्हाला सांगायचं होतं. गौरीच्या वडिलांनी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं होतं, "खात्री असंल तर छातीत मशिन बसवा. अंदाजानं माझ्या पोरीला चिरू नका." आणि खात्री फक्त आमचे मासे देऊ शकत होते.

झेब्रामाशाचं पिलू काचेसारखं आरपार दिसतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचं हृदय धडधडताना नुसतं बघत बसावं. दोनच कप्पे, वरचा वाजला की खालचा वाजतो. अंड्यात आम्ही आधी एक औषध टोचून माशाची स्वतःची ती जीन गप्प करायचो. मग वरचा कप्पा दोनदा वाजतो तेव्हा खालचा एकदा वाजतो, एक ठोका गळतो. त्याच सुईतून माणसाच्या जीनची निरोगी प्रत घातली की पिलाचं हृदय ताळ्यावर यायला हवं. गौरीची प्रत घालून आलं नाही, तर ते अक्षर दोषी. इतकं सरळ.

पण निरोगी प्रत घातलेली पिलंही बरी होत नव्हती. त्यांचेही ठोके गळत होते. निरोगी प्रतच फेल गेली तर गौरीच्या प्रतीबद्दल बोलायला तोंडच राहत नाही. मग दोष एकतर पाण्याचा, नाहीतर औषधाचा, नाहीतर टोचणाऱ्याच्या हाताचा. टोचणारी मी.

"पाणी तपासू या का?" मी एकदा म्हटलं.

"नाचता येईना अंगण वाकडं," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा टोच."

मी पुन्हा टोचलं. सुया बदलल्या, औषधाची बाटली नवी आणली, चहा सोडला, कारण चहानं हात थरथरतो म्हणे. मासे तेच, आणि निकालही तोच. सकाळी पिलं बघायला मायक्रोस्कोपला डोळा लावला की तेच. ती इवलीशी हृदयं, वर दोनदा, खाली एकदा, वर दोनदा, खाली एकदा. मी डोळे मिटले तरी ते थांबायचं नाही. रविवारी मॅडमची मुलगी केतकी यायची तेव्हा तेवढं बरं वाटायचं. बारावीला होती, पण आमच्या माशांवर तिचा फार जीव. चिमटीनं खाणं टाकत टाक्यांवरून फिरायची आणि मला म्हणायची, "उमाताई, तुम्ही सारखं तोंड का पाडून बसता? आई रागावते का?"

"तुझी आई मला खाणार आहे एक दिवस."

"मलाही खाते. सध्या तर फारच. मी झोपले की येऊन बघत बसते. जाग येते ना मला."

मी हसले. बारावीच्या मुलांच्या आया तशाही वेड्या होतात, असं मला वाटलं.

गौरीची आई, लताबाई, एकदा लॅबमध्ये आली. तपासणीसाठी पुण्याला आली होती, ती तशीच पत्ता शोधत आमच्याकडे. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. मी बार्शीची म्हटल्यावर जरा मोकळी झाली.

"माज्या पोरीचं मासं कुठलं?" तिनं विचारलं.

मी तिला ताटली दाखवली. मायक्रोस्कोपला डोळा लावायला शिकवलं. बराच वेळ ती वाकून बघत होती.

"चालतंय की काळीज," ती म्हणाली. "मग मरतंय कशानं?"

तेवढ्यात मॅडम आल्या. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायचं काम मॅडम नेहमी डॉक्टरांवर सोपवायच्या. आपण एकदा गुंतलो की डोकं थंड राहत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या दिवशी मात्र त्यांनी खुर्ची ओढली आणि लताबाईच्या समोर बसल्या.

"मोठीला आधी कधी चक्कर आली होती?"

"न्हाई बगा. कदीच न्हाई."

"झोपेत दचकायची?"

"पोरगीच ती. समदीच दचकत्यात."

"खेळायची? पळायची?"

"कबड्डीत पैली याची."

मॅडमनी हळू आवाजात विचारलं, "आणि तुम्हाला? तुम्हाला स्वतःला कधी काही झालं?"

"मला काय धाड भरलीय. मी ठणठणीत." लताबाई पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती. "पर डाक्टर म्हन्ले, ते माज्याकडनंच गेलंय. मला काय न्हाई आन् माज्या लेकींना दिलं. आसं कसं आसंल वो म्याडम? माज्यात हाय तर मला का मारत न्हाई?"

"असतं तसं," मॅडम म्हणाल्या. "काहींच्यात असतं आणि आयुष्यभर कळत नाही."

त्या उठल्या आणि पर्स घेऊन भर दुपारी घरी निघून गेल्या. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. लताबाई दाराकडे बघत राहिली. "म्याडमला लेकरं किती?" तिनं मला विचारलं. मी म्हटलं, "एक मुलगी आहे." तिनं मान हलवली आणि पिशवी उचलली.

तोडगा अन्वरनं काढला. कॅन्टीनमध्ये मिसळ खाता खाता एकदम थांबला.

"उमे, ती निरोगी प्रत आहे कुणाची?"

"कुणाची म्हणजे? निरोगी माणसाची."

"अगं पण कोण माणूस?"

आमच्याकडे एक रीत होती. लॅबमध्ये नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याच्या रक्ताची एक नळी भरून घ्यायची. अन्वर तिला प्रवेश फी म्हणायचा. पेशंटच्या जीनशी ताडून बघायला धडधाकट माणूस लागतो, आणि बाहेर शोधत कोण हिंडणार, म्हणून आम्हीच एकमेकांचे धडधाकट. सगळ्याच लॅबांत थोडंफार असंच चालतं. ही निरोगी प्रत मात्र आम्ही दोघं यायच्या आधीची. मॅडमनीच कधीतरी तयार करून फ्रीजमध्ये ठेवलेली, नळीवर नुसतं 'निरोगी' लिहिलेलं. याआधी ती कुणी माशात घातली नव्हती. सुरुवातीला मी तिची अक्षरं यंत्रावर वाचून घेतली तेव्हा एका जागी अक्षर वेगळं आलं होतं. गौरीचं ते नाही, दुसऱ्याच ठिकाणचं. मी मॅडमना दाखवलं, तर त्या म्हणाल्या होत्या, "माहीत आहे मला. माणूस ठणठणीत आहे, म्हणजे अक्षर निरुपद्रवी. पुढे चल." मला ते पटलं होतं. कुणालाही पटलं असतं.

आता अन्वर म्हणाला, "माझी प्रत घालून बघ. माझी नळी आहे फ्रीजमध्ये."

"मॅडम?"

"मॅडमना निकाल दाखवू. प्रयोग नको दाखवायला."

त्याची प्रत तयार करण्यात काही दिवस गेले. मग एका सकाळी मी ती टोचली. त्या वेळीही मॅडम मागे उभ्या होत्या. सुईत काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. "हलतोय," त्या म्हणाल्या. मी दात-ओठ खात टोचत राहिले.

पिलं बघायची वेळ आली तेव्हा अन्वर माझ्या शेजारी बसला होता. मी पहिलं पिलू भिंगाखाली आणलं. वर एकदा, खाली एकदा. दुसरं. वर एकदा, खाली एकदा. ताटलीभर पिलं सुरात वाजत होती. गौरीची प्रत घातलेली पिलं शेजारच्या ताटलीत होती, त्यांचे ठोके आधीसारखेच गळत होते. म्हणजे गौरीचं अक्षर दोषी, आता शंकाच नाही. मला रडूच आलं. गौरीचा अहवाल पुढे रीतसर गेला, तिच्या छातीत यंत्र बसलं, आणि आज ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पण त्या क्षणी मला गौरी आठवली नाही, खोटं कशाला सांगू. मला फक्त एवढंच आठवलं की माझा हात हलत नव्हता.

"म्हणजे ती निरोगी प्रतच खराब," अन्वर हळूच म्हणाला. "कुंपणच शेत खात होतं."

मी ऐकलंच नाही. ताटली हातात घेऊन तरातरा मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

"मॅडम, माझा हात हलत नव्हता."

मी सगळं भडाभडा सांगितलं. अन्वरची प्रत, बरी झालेली पिलं, तुम्ही मला किती बोललात, सगळं. मला वाटलं त्या चिडतील, न विचारता केलं म्हणून. नाहीतर शाबासकी देतील. त्या शांतपणे ऐकत होत्या.

"नव्हता हलत," त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं."

"मग रोज का—"

"तुझा हात हलत असता तर फार बरं झालं असतं, उमा."

मला काही कळेना. त्यांनी पर्स उघडली आणि रुमालात गुंडाळलेली रक्ताची एक नळी काढून टेबलावर ठेवली. नळीवर नाव नव्हतं.

"हे वाचून आण. सगळं नको. त्या निरोगी प्रतीत जे अक्षर वेगळं होतं, तेवढी एकच जागा."

"कुणाचं आहे?"

"वाच आधी."

निकाल आला त्या दिवशी दुपारी मी एकटीच कॉम्प्युटरसमोर होते. पडद्यावर अक्षरांची रंगीत शिखरं येतात, एकामागून एक, प्रत्येक जागी एक. मी सरकवत त्या जागेपर्यंत गेले. तिथे एकावर एक अशी दोन शिखरं होती, हिरवं आणि लाल. आई आणि बाप दोघांकडून वेगळी अक्षरं आली की असं दिसतं. त्यातलं एक शिखर म्हणजे ते अक्षर, जे अजून कुठल्याही पेशंटमध्ये, कुठल्याही यादीत मला सापडलं नव्हतं. जगात दोनच जागी ते मी पाहिलं होतं. फ्रीजमधल्या त्या नळीत आणि ह्या नळीत. आता माझा हात खरंच हलत होता.

मी केबिनमध्ये गेले. मॅडम खिडकीशी उभ्या होत्या.

"एक शिखर की दोन?" मागे न वळता त्यांनी विचारलं.

"दोन."

बाहेर माळी गवत कापत होता, त्या मशिनचा आवाज तेवढा येत होता.

"नीट बघितलंस?"

"बघितलं, मॅडम. दोन आहेत. हिरवं आणि लाल."

"हिरवं तिच्या बाबांचं," मॅडम म्हणाल्या. "लाल माझं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती निरोगी नळी कुणाची, रोज सकाळी त्या माझ्या मागे का उभ्या राहायच्या, लताबाईला त्यांनी ते सगळं का विचारलं. आपल्याच लेकीच्या उशाशी बसून कोण काय बघत होतं. एकेक निकाल फेल जात होता आणि ही बाई मला ओरडत होती, कारण मी चुकत असेन तर तिची पोर वाचणार होती. मला त्यांचा इतका राग आला होता इतके दिवस, आणि आता कुठे तोंड लपवू असं झालं.

मॅडमनी टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर उचलला. घरचा नंबर फिरवायला लागल्या. अर्ध्यात बोट थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"झोपली असेल ती," त्या म्हणाल्या. "रात्रभर अभ्यास करते, दुपारी झोपते. फोन तिच्या उशाशीच आहे."

त्यांनी रिसीव्हर अगदी हळू खाली ठेवला.

"घरी कोण आहे?"

"कुणी नाही. हे बंगलोरला." मग एकदम, "कुणी फोन केला तर? तिच्या मैत्रिणी करतात या वेळेला. उमा, तुझी स्कूटी आहे ना?"

अन्वरनं दारातून हे ऐकलं असावं. त्यानं न बोलता माझी किल्ली आणून हातात दिली. कडक इस्त्रीची सुती साडी नेसलेल्या आमच्या मॅडम माझ्या मागे स्कूटीवर बसल्या आणि मी आयुष्यात कधी चालवली नाही तशी गाडी हाणली. औंधच्या चौकात एक रिक्षा आडवी आली. मॅडमची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती. सोसायटीच्या फाटकाशी वॉचमन खुर्चीवर पेंगत होता. त्याला उठवायला माझा अंगठा हॉर्नवर गेला.

"नको," मॅडम म्हणाल्या. "हॉर्न नको वाजवू."

मी उतरून फाटक हातानं उघडलं. लिफ्टच्या दाराचाही खणकन आवाज होतो म्हणून आम्ही जिना चढलो. बेलकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. मॅडमना किल्ली भोकात घालता येईना, ती मी त्यांच्या हातातून घेतली आणि कुलूप फिरवलं. आतून टीव्हीचा नाही, भांड्यांचा नाही, कसलाच आवाज येत नव्हता. दार ढकलताना मी देवाचं नाव घेतलं, जे मी एरवी परीक्षेलाही घेत नाही.

केतकी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसली होती, पाय हलवत. मांडीवर चिवड्याचा डबा, केस विस्कटलेले, डोळ्यांवर झोप.

"आई? तू आत्ता कशी?" मग मला बघून ती खाली उतरली. "आणि उमाताई? कुणाला काही झालं का?"

मॅडम तिच्याकडे गेल्या नाहीत. तिच्या शेजारून सरळ आतल्या खोलीत गेल्या. फोनची वायर भिंतीतून उपसल्याचा आवाज आला. मग पलंग करकरला, म्हणजे त्या बसल्या असाव्यात. नंतर आतून काहीच ऐकू येईना. पोटच्या पोरीला तोंड दाखवायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं, आणि ते काम त्यांनी न सांगता माझ्यावर टाकलं होतं.

"काही नाही गं," मी म्हटलं. "सहज आलो."

केतकीनं डब्याचं झाकण लावलं. मग तिला काहीतरी आठवलं.

"उमाताई, माझं रक्त पोचलं ना तुमच्याकडे? आईनं त्या दिवशी मुद्दाम डॉक्टरकाकांकडे नेऊन काढलं. म्हणाली, उमाताईच्या माशांची काळजं बरी होईनात, त्यांना एखाद्या धडधाकट माणसाचं लागतंय. झाले का मासे बरे?"

"अजून नाही," मी म्हटलं.

"मग अजून घ्या की," ती म्हणाली आणि बाही वर करून तिनं हात माझ्यापुढे धरला.